मेंदूला इजा झालेलं आपलं माणूस घरी आल्यावर: अटेंडंट, घर आणि रोजची देखभाल

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळतो तेव्हा हातात औषधांची यादी असते, पुढच्या ओपीडीची तारीख असते आणि फिजिओथेरपी चालू ठेवा असं एका ओळीत लिहिलेलं असतं. घरात चोवीस तास नक्की काय करायचं ते त्या कागदावर नसतं. माझ्या धाकट्या भावाला ठाणे-बेलापूर रोडवर बाईकचा अपघात झाला, डोक्याला मार, ऑपरेशन, मग आयसीयू, आणि आता काही वर्षं तो ऐरोलीला आमच्याकडेच आहे, त्यामुळे इथे लिहितेय त्यातलं बरंचसं घरात रोज वापरलेलं आहे आणि उरलेलं थेरपिस्ट, सिस्टर लोकांनी शिकवलेलं. अपघातच झालेला असायला हवा असं नाही. स्ट्रोक, ब्रेन हॅमरेज, हार्ट बंद पडून मेंदूला ऑक्सिजन न मिळणं, मेंदूज्वर, टीबी मेनिन्जायटिस, ट्यूमरचं ऑपरेशन, ह्या सगळ्यांनंतर घरात येणारे प्रश्न बरेचसे सारखे असतात.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. चांगली देखभाल म्हणजे पेशंटचं सगळं आपण पटापट उरकून टाकणं नाही. त्याला जे जमतंय ते त्याला करू द्यायचं, त्याला लागेल तेवढा वेळ थांबायचं आणि जिथे अडेल तिथेच हात लावायचा. शर्टाची बटणं लावायला अर्धा तास लागत असेल तर लागू द्या, मेंदू पुन्हा शिकतो तो स्वतः करूनच. मायेपोटी आपण भरवतो, पुसतो, कपडे घालतो आणि महिन्याभरात माणूस जे थोडंफार करत होता तेही सोडून देतो. अटेंडंट ठेवतानाही हेच बघायचं, त्यावर पुढे लिहिलंय.

डिस्चार्जच्या आधी

घरातल्या किमान दोघांनी शेवटचे काही दिवस वॉर्डात बसून सिस्टरकडून हाताने काम शिकून घ्या, नुसतं बघून येत नाही. नाकातून नळी असेल तर फीड, म्हणजे नळीतून पातळ अन्न, कसं द्यायचं, प्रत्येक फीडच्या आधी नाकापाशी नळीवरची खूण जागेवर आहे का ते कसं बघायचं, फीडनंतर पाण्याने नळी कशी धुवायची. नळी सरकली किंवा निघाली तर ती घरी परत ढकलायची नाही, फीड बंद करायचं आणि सिस्टरला बोलवायचं किंवा हॉस्पिटलला न्यायचं. गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी भोक पाडून ट्यूब बसवलेली असेल, तर सक्शन, म्हणजे त्या ट्यूबमधला कफ ओढून काढणं, शिकल्याशिवाय घरी येऊच नका, आणि ट्यूबचा साईज कागदावर लिहून घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधीच लिहून न्या, राउंडच्या वेळी गडबडीत काही आठवत नाही. कवटीचं हाड (सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून) काढून ठेवलंय का आणि परत कधी बसवणार, फिटच्या गोळ्या किती दिवस, गिळण्याची तपासणी झाली का, शंट (मेंदूतलं साठलेलं पाणी बाहेर नेणारी आतली नळी) घातलाय का, काय दिसलं तर लगेच आणायचं. हाड काढलेलं असेल तर त्या बाजूवर झोपवायचं नाही, बेडवरून उठताना हेल्मेट, आणि डोक्याला तेल लावून चोळणं अजिबात नाही, गावाकडून आलेली आत्या कितीही प्रेमाने बाटली घेऊन बसली तरी. काही पेशंटचं ते हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं असतं, तेव्हा पोटाची ती जागाही जपायची.

घर

सिडकोची जुनी घरं, माथाडी रूम, ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या भागातल्या जुन्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगा, आपली घरं काही व्हीलचेअर डोक्यात ठेवून बांधलेली नाहीत. व्हीलचेअर घ्यायच्या आधी बाथरूमच्या दाराचं माप घ्या, बऱ्याचदा चेअर आत जातच नाही आणि मग चाकांची कमोड चेअर हाच मार्ग उरतो. फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारा), एअर बेड, कमोड चेअर, सक्शन मशीन हे सगळं भाड्याने मिळतं, हॉस्पिटलच्या आसपासच्या मेडिकलवाल्यांना विचारा, विकत घ्यायची घाई करू नका कारण तीन महिन्यांनी गरज बदललेली असते. पण संडासाशेजारचा दांडा मात्र भिंतीला ड्रिल करूनच लावा, व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे वजन पडलं की निघतात. बाथरूमची आतली कडी काढून टाका किंवा बाहेरून उघडेल अशी करा. बेडरूम ते संडास ह्या रस्त्यावर रात्रभर बारीक दिवा, पायपुसणी सगळी उचलून ठेवायची, उंबऱ्याला रंगीत पट्टी. डोक्याला पुन्हा मार लागणं ह्या माणसाला सगळ्यात महाग पडतं, म्हणून पडण्याच्या जागा आधी बंद करायच्या.

पावसाळ्यात लाईट जाते. एअर बेडची हवा त्यावेळी उतरते म्हणून खाली साधी फोमची गादी असू द्या, आणि सक्शन लागत असेल तर पायाने किंवा हाताने चालणारं सक्शन घरात हवंच.

खाणं, फिट, खांदा

जेवण भरवणं हे घरातलं सगळ्यात जोखमीचं काम आहे आणि ते आपण सगळ्यात सहज कोणाच्याही हातात देतो. मेंदूच्या इजेनंतर गिळणं बिघडू शकतं आणि घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो. पाणी सगळ्यात सोपं वाटतं पण बऱ्याच जणांना तेच सगळ्यात अवघड असतं, पातळ पदार्थ पटकन घसरतो. स्पीच थेरपिस्ट गिळण्याचं काम बघतात, फक्त बोलण्याचं नाही, त्यांच्याकडून नीट ठरवून घ्या की काय किती घट्ट द्यायचं. आमच्याकडे सुरुवातीला घोटलेली मुगाची खिचडी, नाचणीचं घट्टसर सत्त्व, मऊ केळं, घट्ट दही एवढंच चालायचं. चिवडा, चुरमुरे, भुसभुशीत बिस्किटं, चिकट साबुदाणा, आणि आमटीत भिजवलेली पोळी जिच्यात पातळ आणि घट्ट एकत्र असतं, हे प्रकार थेरपिस्टने हो म्हटल्याशिवाय नको.

बसवायचं शक्य तेवढं ताठ, मान मागे टाकून नाही. आपण त्याच्या समोर आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं, उभं राहून भरवलं की तो मान वर करतो आणि घसा उघडा पडतो. छोटा चमचा, एक घास पूर्ण गिळलाय हे बघून मगच दुसरा, टीव्ही बंद, गप्पा बंद. लकव्याच्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, जेवणानंतर तोंडात बोट न घालता टॉर्चने बघून स्पंज किंवा मऊ ब्रशने साफ करायचं. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. खाताना खोकला, आवाज पाण्यात भिजल्यासारखा ओला येणं, सारखे बारीक ताप, ह्यातलं काही दिसलं तर थांबवून डॉक्टरांना कळवा. काहींना खोकलाही येत नाही आणि तरी घास चुकीच्या नळीत जातो, म्हणून खोकत नाही म्हणजे ठीक आहे असं धरू नका.

पूर्ण झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नाही. टाचा, माकडहाड, कंबरेच्या बाजू, कोपर रोज उजेडात बघायचे, आणि लाल झालेली जागा चोळायची नाही. एकाच पायाला सूज, गरमपणा आला तर त्याच दिवशी दाखवा, रक्ताची गाठ असू शकते.

खांदा. हे मी प्रत्येक नवीन अटेंडंटला पहिल्याच तासात सांगते. लकव्याच्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, उठवताना नाही, कूस बदलताना नाही, बनियन घालताना नाही. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा खाली सरकतो आणि मग जो दुखावा बसतो तो महिनोन्‌महिने जात नाही, त्या दुखण्यापायी व्यायाम बंद पडतो. उचलताना पाठीमागून खांद्याच्या पात्याला आणि कंबरेला आधार द्यायचा. कपडे घालताना आधी लकव्याचा हात, काढताना तो शेवटी.

फिट आली तर घड्याळ बघा, हे पहिलं. मग आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला, डोक्याखाली मऊ काहीतरी, कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सैल करा. तोंडात चमचा, बोट, रुमाल काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, किंवा श्वास नीट दिसत नसेल तर १०८ ला फोन. घरात दुसरं कोणी असेल तर त्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, न्यूरोलॉजिस्टना तो फार उपयोगी पडतो. आणि फिटच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, एक पट्टी नेहमी जास्तीची घरात. लेव्हेटिरासिटॅम ह्या गोळीने काही जणांचा चिडचिडेपणा वाढतो, तसं वाटलं तर डॉक्टरांशी बोला, ते बदलू शकतात. फेनिटॉइन नाकाच्या नळीतून देत असाल तर फीड आणि औषध ह्यांच्यात किती अंतर ठेवायचं ते विचारा, फीडसोबत दिलं तर ते नीट शोषलं जात नाही.

झोप वाढत चालली, जागं करायला त्रास होतोय, पुन्हा पुन्हा उलट्या, डोकेदुखी वाढतेय, नवीन अशक्तपणा, एका डोळ्याची बाहुली मोठी, शंटवाल्याला ताप, ह्यात उद्या सकाळी बघू असं करायचं नाही.

अटेंडंट

आपल्याकडे ब्युरोतून, म्हणजे घरी देखभालीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून, मावशी, ब्रदर (पुरुष नर्स) किंवा सिस्टर येतात, बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी. ट्रॅकिओस्टॉमी, नळी, इंजेक्शनं असतील तर शिकलेला ब्रदर किंवा सिस्टर हवी. ते काही नसेल तर चांगली मावशी किंवा अटेंडंट पुरतो. ब्युरोला फोनवरच विचारा: कमिशन महिन्याचं की एकदाच, माणूस आला नाही तर बदली किती वेळात, आठवड्याची सुट्टी कशी, आधी कोणत्या प्रकारच्या पेशंटजवळ काम केलंय. आधार कार्डाची कॉपी घ्या आणि जवळच्या पोलीस स्टेशनला व्हेरिफिकेशन करून घ्या, ह्यात संशय घेण्यासारखं काही नाही, चांगले अटेंडंट स्वतःच कागद पुढे करतात.

बहुतेक अटेंडंट म्हाताऱ्या, झोपून असलेल्या पेशंटजवळ शिकलेले असतात. त्यांची सवय पटापट करून देण्याची आणि पेशंट शांत पडून राहिला म्हणजे दिवस चांगला गेला असं समजण्याची. चाळिशीच्या आतला, अपघातातून उठलेला माणूस म्हणजे वेगळं काम आहे, आणि ते त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, आपल्यालाच शिकवावं लागतं. पहिल्या दिवशी मी एकच करून दाखवते: भावाच्या हातात ब्रश देते, पेस्ट समोर ठेवते आणि गप्प उभी राहते. तो ब्रशकडे बघत बसतो. मग एक शब्द, पेस्ट. मग थांबायचं. मग बोटाने दाखवायचं. मग कोपराला हलका हात. ब्रश त्याच्या हातातून काढून घ्यायचा नाही. जो अटेंडंट हे थांबणं शिकला तो टिकवा, त्याला इस्त्रीचे कपडे नीट घडी घालता येतात की नाही ते बघू नका.

भिंतीवर एक कागद लावा, पेशंटच्या फाईलचा नाही, माणसाचा. त्याला घरात काय हाक मारतात, आधी काय काम करायचा, चहात साखर किती, कोणती टीम, कोणती गाणी, कशाने चिडतो, चिडल्यावर कशाने शांत होतो, कोणत्या बाजूचं दिसत नाही. आणि एक वही: सकाळ-रात्रीची ड्युटी बदलताना काय खाल्लं, संडास झाली का, झोप किती, फिट, राग कधी आणि त्याआधी काय चाललं होतं. ही वही ओपीडीत डॉक्टरांसमोर ठेवली की अर्धा प्रश्न सुटतो.

अटेंडंटशी वागण्याबद्दल पण बोलायला हवं. वेगळा कप, जमिनीवर बसून जेवण, रात्रभर जागून सकाळी परत झाडूपोछा, असं करणाऱ्या घरात माणसं टिकत नाहीत आणि टिकूही नयेत. रात्रपाळीवाल्याला दिवसा झोप मिळालीच पाहिजे. आणि एक अवघड गोष्ट आधीच सांगून टाका: मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला माणूस कधी शिव्या देतो, कधी लाज वाटेल असं बोलतो किंवा हात लावतो. त्यात त्याचा आधीचा स्वभाव शोधू नका, आवर घालणारा भाग दुखावलेला आहे. पण अटेंडंट बाईने ते निमूट सहन करायचं असाही त्याचा अर्थ नाही. ठाम आवाजात एकदाच, हे नाही चालणार, मग विषय बदलायचा, आणि आंघोळ, डायपर ही कामं शक्यतो पुरुषासाठी ब्रदर आणि बाईसाठी बाई.

स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

हात-पाय सुधारले की नातेवाईक म्हणतात बरा झाला की, आणि खरं काम तिथून सुरू होतं. दमणं हे पहिलं. पंधरा मिनिटं गप्पा मारून माणूस असा गळतो की बोलणंही अडखळतं. ही मेंदूची दमणूक आहे, झोप झाली तरी येते. दमल्यावर आराम देऊ नका, दमायच्या आधी द्या. आंघोळ आणि फिजिओ लागोपाठ ठेवू नका, मध्ये अंधाऱ्या शांत खोलीत अर्धा तास. महत्त्वाचं काम, म्हणजे थेरपी, बँक, डॉक्टर, सकाळी.

दुसरं म्हणजे सुरुवातच न होणं. भूक लागलीय, ताट समोर आहे, हात चालतो, तरी तो बसून राहतो. ह्याला आळशी झालाय, लाडावलाय म्हणणारे घरात एक-दोन तरी असतातच. हा आळस नाही, काम सुरू करायची चावीच दुखावलेली असते. जेवायचं का? असं विचारलं तर नाही म्हणेल. चल, ताटाजवळ बसू, असं म्हणून पहिलं पाऊल आपण लावून द्यायचं. रोजचं वेळापत्रक अगदी तेच ठेवलं की काही गोष्टी सवयीने सुरू होतात.

काहींना एक बाजू, बहुतेक वेळा डावी, जाणवतच नाही. डोळे चांगले असतात पण मेंदू तिकडे लक्ष देत नाही. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो आणि म्हणतात संपलं. ताट फिरवण्यापेक्षा डाव्या कडेला एक लाल पट्टी लावा आणि पट्टी दिसेपर्यंत बघ असं सांगा. रस्त्यावर अशा माणसाला एकटं सोडायचं नाही.

आठवण. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ओळखलंस का मला, सांग बरं मी कोण? कृपा करून हे बंद करा. त्याला आठवत नाही, तो लाजतो, चुकीचं नाव सांगतो, आणि चुकीचं नावच पक्कं होत जातं. स्वतःच सांगायचं: मी सुनीताताई, तुझी मावसबहीण, कळव्याला राहते. विस्मरणवाल्या मेंदूला चूक होऊ न देता शिकवणं जास्त लागू पडतं, हे रिहॅबमधली माणसंही सांगतात. भिंतीवर मोठा व्हाईटबोर्ड, आज वार कोणता, कोण घरी आहे, पुढे काय. कॅलेंडरवर गेलेला दिवस खोडायचा. औषधांना मोबाईल अलार्म आणि वारांची गोळ्यांची डबी. चावी, चष्मा, फोन एकाच ट्रेमध्ये, जागा बदलायची नाही.

राग. आमच्याकडे राग आला की वस्तू फेकल्या जायच्या. त्यात आधी शरीर तपासायचं, कारण अचानक वागणं बदललं की बऱ्याचदा बद्धकोष्ठता असते, लघवीचं इन्फेक्शन, दुखणं, झोप न होणं, आणि हे त्याला सांगता येत नाही. मग आवाज. घोडबंदर रोडला लागून घर असेल तर ट्रॅफिकचाच आवाज, त्यात मिक्सर, टीव्ही, तीन माणसं एकदम बोलतायत, इतकं सगळं गाळून घेणं त्या मेंदूला जमत नाही. गणपतीत, नवरात्रात, सोसायटीच्या स्पीकरच्या दिवसांत आधीच ठरवा की त्या संध्याकाळी कुठे जायचं, मागच्या खोलीत की दुसऱ्या नातेवाइकाकडे. राग चढलाय तेव्हा वाद नाही, समजावणं नाही, का केलंस असा जाब नाही. आवाज कमी, माणसं कमी, अंतर ठेवा, विषय बदला. शांत झाल्यावरही लगेच हिशेब काढू नका, त्याला कदाचित आठवतही नसेल. मारहाणीपर्यंत जात असेल तर लपवू नका, सायकिअॅट्रिस्टना दाखवा, ह्यावर औषधं आहेत.

बोलणं गेलेल्या माणसाची समज गेलेली असतेच असं नाही. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तिसऱ्यासारखं बोलू नका. एका वेळी एक छोटं वाक्य, मग गप्प राहून वाट बघा. चहा हवा की दूध, दोन्ही कप दाखवून. हो आणि नाही ह्यांची अदलाबदल होते, म्हणून मान, बोट, चित्र ह्यांनी पक्कं करा. आणि एक प्रयोग जरूर करा: ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही तो कधीकधी शुभंकरोती, रामरक्षा, आरती, एक ते दहा आकडे सलग म्हणतो. पाठ झालेलं आणि गायलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. त्याने लगेच गप्पा सुरू होत नाहीत, पण आवाज बाहेर येतो, चेहरा खुलतो, आणि स्पीच थेरपिस्टला पकडायला एक धागा मिळतो.

पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगात असते हे खरं. सहा महिन्यांनंतर काही होत नाही हे मात्र खरं नाही, हळू हळू वर्षानुवर्षं होत राहतं, त्यामुळे कोणी असं सांगून थेरपी बंद करायला लावत असेल तर दुसरं मत घ्या. हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी एकाच ठिकाणी होतात. बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. ठाण्याहून जाणं दमवणारं आहे, पण महिन्यातून एकदा जाऊन प्रोग्रॅम लिहून आणायचा आणि रोजचा घरी करायचा असं बऱ्याच जणांचं चालतं. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे, गर्दीची वेळ टाळा. रोजच्या फिरण्याला मासुंदा तलाव, उपवन, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, सकाळी लवकर, एकच रस्ता ठरवून.

गाडी चालवणं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. दारू नाही, थोडीही नाही. आणि फोनवर यूपीआयची मर्यादा अगदी कमी करून ठेवा, फसवे फोन ह्या माणसांना लगेच पकडतात. फोनच काढून घेऊ नका, मर्यादा घाला.

कागदपत्रं

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकार आहेत. मेंदूची इजा हा वेगळा प्रकार त्यात नाही, त्यामुळे तपासणीत बऱ्याचदा फक्त पायाचा लकवा मोजला जातो आणि बाकी राहून जातं. बोलण्यावर परिणाम असेल तर अफेझिया (मेंदूच्या इजेने बोलणं किंवा भाषा समजणं बिघडणं) हा वाचा-भाषा दिव्यांगत्वात येतो, तो रिपोर्ट वेगळा न्या. स्मरणशक्ती आणि वागणं ह्यासाठी सायकॉलॉजिस्टची लेखी टेस्ट करून न्या. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि नेमून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलात तपासणीला जायचं. बऱ्याच सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं.

रस्ता अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, ठाण्यात ते आहे, दावा करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातलीय, म्हणून हॉस्पिटलच्या धावपळीतही वकिलांना लवकर भेटा. अटेंडंटच्या प्रत्येक महिन्याच्या पैशाची पावती घ्या, साध्या कागदावर सही असली तरी. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या केसमध्ये अटेंडंटचा खर्च पुढच्या आयुष्याचा धरून मोजला होता, त्यामुळे हा खर्च कागदावर दिसणं महत्त्वाचं.

माणूस बेशुद्ध किंवा सही करण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या एकट्याच्या नावावरचे पैसे बायकोलाही काढता येत नाहीत, नॉमिनीचा उपयोग माणूस हयात असताना होत नाही, आणि समज नसताना घेतलेलं मुखत्यारपत्र चालत नाही. कोमातल्या माणसांसाठी मुंबई हायकोर्टाने जवळच्या नातेवाइकांना पालक नेमल्याचे निकाल आहेत, त्यासाठी वकील करून याचिका करावी लागते.

सांभाळणारा

बहुतेक घरात हे सगळं एकाच बाईवर येतं, बायको, आई किंवा बहीण. नवरा जिवंत आहे पण तो आधीचा माणूस नाही, ह्याचं दुःख करायलाही तिला जागा मिळत नाही, कारण लोक म्हणतात वाचला ना, देवाचे आभार मान. तिला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर टेली मानस १४४१६ वर फोन करा, सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नातेवाइकांनी काही करू का असं विचारू नये, बुधवारी चार ते सात मी बसतो असं सांगून यावं, फळं नाही आणली तरी चालेल.

आणि घरात दुसरा माणूस तयार करा. महिन्यातून एक पूर्ण दिवस त्याने एकट्याने सगळं करायचं, सकाळच्या फीडपासून रात्रीच्या गोळीपर्यंत, नेहमीच्या माणसाने त्या दिवशी घराबाहेर राहायचं आणि फोनवरून सूचना द्यायच्या नाहीत. जिथे तो अडला ते त्याच रात्री वहीत लिहायचं, पुढच्या वेळी तेवढंच आधी शिकवायचं.